आधी भिंत मोजा, मग टीव्ही बघा

नाशकात एमजी रोडच्या किंवा कॉलेज रोडच्या शोरूममध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही एकदम लागलेले दिसतात. सगळ्यांवर तेच पोपट, तोच समुद्र, रंग अगदी डोळ्यांत घुसणारे. वर छत उंच आणि माणूस दहा-बारा फुटांवर उभा, त्यामुळे ५५ इंची टीव्हीसुद्धा तिथे किरकोळ वाटतो. तोच टीव्ही सिडकोतल्या रो हाऊसच्या हॉलमध्ये लागला की भिंत संपते आणि शोकेसचं दार उघडेनासं होतं. त्यामुळे टीव्हीच्या खरेदीची सुरुवात घरी, मेजर टेप हातात घेऊन करायची.

अंतर मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. सोफ्यावर टेकून बसलं की डोकं मागच्या भिंतीपासून साधारण एक फूट पुढे येतं. टीव्हीही ब्रॅकेटमुळे तीन-चार इंच पुढे असतो. म्हणजे दहा फुटी हॉलमध्ये खरं अंतर जेमतेम साडेआठ फूट. ४के टीव्हीसाठी हिशोब सोपा आहे: स्क्रीनचे इंच गुणिले १.२ हे कमीत कमी अंतर आणि गुणिले १.६ हे आरामाचं अंतर. उत्तर इंचांत येतं, त्याला १२ ने भागलं की फूट मिळतात. ५५ इंचाला साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ ला साडेसहा ते साडेआठ, ७५ ला साडेसात ते दहा. म्हणजे वरच्या दहा फुटी हॉलला ६५ बरोबर बसतो.

पण हे गणित चित्र स्वच्छ असेल तरच खरं. घरात दिवसभर केबलच्या साध्या बॉक्सवर मालिका चालत असतील तर त्या चित्रात वरून खाली ५७६ ओळी असतात, आणि टीव्ही त्या ताणून २१६० ओळींवर बसवतो. टीव्ही जितका मोठा, तितका चेहरा मेणाचा दिसतो. यावरचा उपाय टीव्हीत नाही, बॉक्समध्ये आहे. एचडी सेट टॉप बॉक्स घ्या, रोजच्या वाहिन्यांचे एचडी पॅक घ्या आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीची जोडणी काढून एचडीएमआय केबल लावा. नवा टीव्ही आणूनही ‘जुन्यावरच चांगलं दिसायचं’ अशी तक्रार येते तिथे बहुतेक वेळा मागे तीच तीन रंगांची वायर सापडते.

वर्तमानपत्राची चाचणी

६५ इंची टीव्हीची स्क्रीन १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ उंच असते, ५५ ची १२२ बाय ६९, ७५ ची १६६ बाय ९३. वर्तमानपत्राची पानं चिकटपट्टीने जोडून या मापाचा कागद करा आणि भिंतीवर दोन दिवस लावून ठेवा. दार उघडलं की कडेला आपटतं का, स्विचबोर्ड कागदाखाली जातो का, देवघरातल्या समईचा धूर तिकडे येतो का, हे सगळं फुकटात कळतं.

उंचीही याच कागदावर ठरवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर असतात, खाली गादीवर बैठक असेल तर ७५ ते ८०. स्क्रीनचा मध्य त्याच उंचीवर हवा, फार तर अर्धा फूट वर. म्हणजे ६५ इंचीची खालची कड जमिनीपासून ६५-७० सेंटीमीटरवर येते. हे वाचून ‘इतका खाली?’ असं वाटेल. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत अनेक नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा पॉइंट साडेचार-पाच फुटांवर काढून दिलेला असतो. लोक त्या पॉइंटवर टीव्ही टांगतात आणि मग घरातल्या ज्येष्ठांची मान दुखते. वायरमनला बोलावून पॉइंट खाली घेणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. रंग देण्याआधी केलंत तर डागही राहत नाही. त्याच वेळी दोन इंची पाइप भिंतीत टाकून घ्या म्हणजे पुढे कधीही एचडीएमआय केबल ओढता येईल. चार सॉकेटचा बोर्ड ब्रॅकेटच्या बाजूला काढा, बरोबर मागे काढला तर प्लग टीव्हीच्या पाठीला अडतो.

खिडकीच्या समोरची भिंत शक्यतो टाळा. दुपारी चारनंतर पश्चिमेचं ऊन आलं की स्क्रीनवर मालिकेऐवजी खिडकीचा पडदाच दिसतो. खिडकी टीव्हीच्या बाजूला असेल तर चालते.

पॅनल: नाव मोठं, खोका तोच

क्यूएलईडी हे नाव ऐकून भुलू नका. तोही एलईडीच टीव्ही, फक्त मागच्या प्रकाशापुढे रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर असतो. रंग सुधारतात, काळा मात्र तितकाच राखाडी राहतो. काळा खरोखर काळा हवा असेल तर मागचा प्रकाश तुकड्यातुकड्याने मंद करणारा लोकल डिमिंगचा टीव्ही किंवा मिनी एलईडी (तेच काम अगदी बारीक दिव्यांनी करणारा) बघा. ओएलईडीमध्ये मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो. अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही.

पण ओएलईडी सगळ्या घरांसाठी नाही. मराठी वृत्तवाहिनीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात लोगो, खाली ब्रेकिंगची लाल पट्टी, तिच्याखाली धावणारी दुसरी पट्टी असते. हे रोज सहा-आठ तास एकाच जागी पेटत राहिलं तर ते ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतात आणि पट्टीची सावली कायमची उमटते. सकाळी उठल्यापासून बातम्या लावणारं माणूस घरात असेल तर मिनी एलईडी किंवा साधा एलईडीच घ्या.

एलईडीतही दोन जाती आहेत. व्हीए पॅनलचा काळा गडद, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसचा काळा फिका, पण बाजूनेही रंग टिकतात. हॉलमध्ये दोघं समोर बसणार असतील तर व्हीए. आजी कोपऱ्यातल्या पलंगावरून आणि मुलं जेवणाच्या टेबलावरून बघणार असतील तर आयपीएस किंवा ओएलईडी. माहितीपत्रकात पॅनलचा प्रकार क्वचितच लिहिलेला असतो, त्यामुळे दुकानात स्वतः कडेला जाऊन उभं राहा आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा.

‘मोशन रेट २४०’ वगैरे आकडे सोडून द्या. विचारायचं एवढंच: पॅनल मुळात ६० हर्ट्झचं (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारं) की १२० चं? केबल आणि सिनेमासाठी ६० पुरतं, मुलगा गेमिंग कन्सोल जोडणार असेल तर १२० आणि एचडीएमआय २.१ चं तोंड.

दुकानात काय करायचं

खिशात पेन ड्राइव्ह न्या. त्यात तीन गोष्टी ठेवा: एखादा रात्रीचा प्रसंग, पूर्ण राखाडी रंगाचं एक चित्र आणि स्वतः मोबाइलवर काढलेला घरातल्या माणसांचा व्हिडिओ. रिमोट मागून घ्या, ‘व्हिव्हिड’ बंद करून ‘मूव्ही’ लावा आणि मग बघा. राखाडी चित्रावर ढगांसारखे डाग किंवा उभे पट्टे दिसले तर क्रिकेटच्या हिरव्या मैदानावरही तेच दिसणार. घरच्यांचे चेहरे तुम्हाला पाठ असतात, त्यामुळे रंग खोटा असला की लगेच कळतो. पोपटाचा खरा रंग कोणाला माहीत?

मग होम बटण दाबून युट्यूब उघडा आणि मनात आकडे मोजा. नव्या कोऱ्या टीव्हीला सहा-सात सेकंद लागत असतील तर दोन वर्षांनी तो रडवेल. एचडीएमआयची तोंडं मोजा. सेट टॉप बॉक्स, साउंडबार आणि आणखी एक काही, म्हणजे तीन तरी हवीत. त्यातल्या एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ (साउंडबारला आवाज देणारं तोंड) लिहिलेलं असलं पाहिजे.

किंमत ठरवताना एक लक्षात ठेवा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुन्या छापील किमतीवर मोठी सूट दाखवली जात असेल तर ती सूट कितपत खरी, ते दोन दुकानांत विचारून बघा. दसरा ते पाडवा या काळात भाव खरंच उतरतात, पण त्याच आठवड्यात बसवणारी माणसं मिळत नाहीत. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी किती, ते आधी लिहून घ्या. आणि कंपनीचं सेवा केंद्र नाशकात आहे की तंत्रज्ञ बाहेरगावाहून येतो, हा प्रश्न वाढीव वॉरंटीपेक्षा महत्त्वाचा. वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर पॅनल त्यात धरलं आहे का ते कागदावर बघा. पॅनल सोडून बाकी सगळं झाकणारी वॉरंटी म्हणजे छत नसलेली छत्री.

घरी आल्यावर

६५ इंची खोका साधारण पाच फुटांहून लांब असतो. लिफ्टच्या दाराची उंची आणि जिन्याचं वळण आधी मोजून ठेवा. खोका उभाच आणायचा, टेम्पोतही आडवा टाकायचा नाही. आडवा टाकला की काच स्वतःच्या वजनाने वाकते आणि खड्ड्याच्या एका दणक्यात आतून चिरते. ती चीर टीव्ही लावेपर्यंत दिसत नाही आणि वॉरंटीत बसत नाही. म्हणून खोका फोडण्यापासून टीव्ही सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. काही कंपन्या आपल्याच माणसाने खोका उघडावा अशी अट घालतात, ते आधी विचारा. उचलताना दोघांनी खालची कड आणि बाजू धरायच्या, अंगठा काचेवर येऊ द्यायचा नाही.

आता भिंत. ड्रिल लावलं की पहिल्या भोकातून पडणारी पूड बघा, तीच भिंतीची जात सांगते. लाल पूड म्हणजे वीट. पांढरट, पिठासारखी मऊ पूड आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं म्हणजे सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र सिमेंटचा) ब्लॉक. राखाडी पूड आणि ड्रिल अडतंय म्हणजे काँक्रीट. मातकट ढेकळं पडली तर तुम्ही जुन्या नाशकातल्या वाड्याच्या भिंतीत आहात. तिथे टीव्ही टांगायचा नादच सोडा, भक्कम युनिटवर ठेवा.

विटेच्या भिंतीला १० मिलिमीटरचं भोक, ६० ते ७० मिलिमीटर खोल, आणि चांगल्या प्रतीची नायलॉनची गट्टी. वरचा प्लास्टर दीड-दोन सेंटीमीटरचा असतो आणि तो वजन धरत नाही, म्हणून गट्टी पूर्ण विटेत गेली पाहिजे. भोकातली धूळ फुंकून काढल्याशिवाय गट्टी ठोकू नका, ती फिरत राहते. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं. टीव्हीबरोबर आलेल्या आखूड गट्ट्या तिथे अजिबात वापरू नका, सिपोरेक्ससाठी मिळणाऱ्या लांब गट्ट्या किंवा केमिकल अँकर लावा. सुतार ‘पॅनलवरच स्क्रू मारतो’ म्हणाला तर थांबवा. लूव्हर, पीव्हीसी आणि एमडीएफ हे सगळं शोभेचं काम आहे, स्क्रू त्याच्या आरपार भिंतीत गेला पाहिजे. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरीचा पाइप तिथूनच जातो.

६५ इंची टीव्ही १८ ते २५ किलोचा असतो, ब्रॅकेट त्याच्या दुप्पट वजन पेलणारं घ्या. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर, उदाहरणार्थ ४०० बाय ३००, मिलिमीटरमध्ये मोजून ब्रॅकेटशी जुळवा. पाठीत जाणारे स्क्रू आधी हाताने फिरवून बघा. स्क्रू आखूड असेल तर टीव्ही लोंबकळतो, लांब असेल तर आतल्या बोर्डात घुसतो. मधेच अडला तर जोर लावायचा नाही, वॉशर टाकायचा. लेव्हल बाटली ब्रॅकेटवर ठेवून बघा आणि टीव्ही टांगण्याआधीच सगळ्या केबल मागे खोचून घ्या.

स्टँडवर ठेवणार असाल तर दोन्ही पायांमधलं अंतर मोजा. मोठ्या टीव्हीचे पाय कडेला असतात, जुन्या युनिटवर एक पाय हवेत राहतो. घरात लहान मूल असेल तर टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधा.

वीज

टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाबाने त्याला काही होत नाही आणि दुकानदार गळ्यात मारतो तो स्टॅबिलायझर लागत नाही. भीती जास्त दाबाची. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. स्पाइक गार्ड अशा टिकून राहणाऱ्या दाबापुढे हतबल असतं, तिथे वायरमनकडून मेन बोर्डात जादा दाबाला तोडणारं उपकरण बसवून घेणं हाच उपाय. स्पाइक गार्ड क्षणिक झटक्यांसाठी. त्यावरचा संरक्षणाचा दिवा विझला की ते साधं एक्स्टेंशन झालं असं समजून बदला.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा गडगडाट ऐकून लोक टीव्हीचा प्लग काढतात, पण गच्चीवरच्या डिशची वायर तशीच ठेवतात. वीज तिथूनही बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत शिरते. डिशची वायर आणि राउटरची वायर दोन्ही सोडवा. टीव्ही चालू असताना एचडीएमआय केबल खुपसू किंवा उपटू नका, दोन्ही उपकरणं आधी बंद करा.

रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याकडची सवय एलईडीला चालते, फक्त सकाळी टीव्ही सुरू व्हायला वेळ लागतो. ओएलईडीला ही सवय घातक. रिमोटने बंद केल्यावर तो ठिपक्यांची झीज स्वतः सावरत असतो आणि त्याला काही मिनिटं वीज लागते. बटण लगेच बंद केलं तर ते काम राहून जातं आणि डाग लवकर पडतात.

बिलाचं म्हणाल तर १५० वॉटचा टीव्ही रोज सहा तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्हचाच हवा.

चित्र आणि आवाज लावून घेणं

पहिल्यांदा सुरू करताना ‘होम’ आणि ‘स्टोअर’ असा प्रश्न येतो, ‘होम’ निवडा. चुकून ‘स्टोअर’ दाबलं गेलं तर तुम्ही कितीही सेटिंग बदला, थोड्या वेळाने सगळं पुन्हा भडक होतं. मग ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी शेजारच्यांचा टीव्ही निळा वाटायला लागतो.

शार्पनेस लावायची एक खात्रीची युक्ती आहे. बातम्यांची वाहिनी लावा आणि खालच्या पट्टीतल्या अक्षरांच्या शिरोरेषेकडे जवळून बघा. रेषेच्या वर-खाली पांढरी कड चमकत असेल तर शार्पनेस जास्त आहे. ती कड नाहीशी होईपर्यंत कमी करत जा, बऱ्याच टीव्हींवर तो आकडा शून्य ते दहाच्या मधे येतो. पट्टी खालून कापलेली दिसत असेल तर आकाराच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा. बॅकलाइट (मागचा प्रकाश) रात्री ३०-४०, दिवसा ७०-८०. शंभरावर कायम ठेवू नका, का ते पुढे येईलच. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशनचं सेटिंग बंद करा. सामन्यात चेंडूमागे शेपूट दिसत असेल तरीही तेच.

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, त्यात फरशीचा मोकळा हॉल असला की संवाद घुमतात. आवाजात ‘क्लिअर व्हॉइस’सारखं काही असेल तर ते लावून बघा, जाड पडदे आणि एक सतरंजीही काम करून जातात. साउंडबार घेतलात तर एआरसी लिहिलेल्या तोंडातच जोडा आणि मेनूत सीईसी चालू करा, म्हणजे एकाच रिमोटवर भागतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर आणा.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर जोडा. अनेक टीव्हींचं लॅनचं (इंटरनेटच्या वायरीचं) तोंड १०० एमबीपीएसचंच असतं, तरी ४के सिनेमाला २५ पुरतात.

रोजचं

स्क्रीन बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. बोटांचे डाग असतील तर कापड किंचित ओलं करा. काचेचा स्प्रे थेट मारला की द्रव खालच्या कडेत ओघळतो आणि तिथल्या पट्ट्या गंजवतो. वर्तमानपत्राने पुसणं आरशाला ठीक, इथे वरचा थर ओरबाडतो. उघड्या स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ आणि उदबत्तीची काजळी धुळीला चिकट करते, म्हणून पाठीमागच्या जाळ्या महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा. पाल आणि मुंग्या ऊब शोधत याच जाळ्यांतून आत जातात. पाल पॉवर बोर्डावर गेली की ती आणि बोर्ड दोन्ही संपतात. टीव्हीमागे लावलेला दिवा विझवत जा आणि भिंतीतली पाइपची मोकळी तोंडं बुजवून टाका. जुना टीव्ही घंटागाडीत टाकू नका, एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे.

सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे आवाज येतो पण स्क्रीन काळी. अशा वेळी खोली अंधारी करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून स्क्रीनच्या अगदी जवळ न्या. आत पुसटशी माणसं हलताना दिसली तर पॅनल धडधाकट आहे, फक्त मागचे एलईडी गेलेत. ते एका माळेत जोडलेले असतात, एक जळला की सगळी माळ विझते, आणि सतत शंभरावर चालवल्याने तापून जळतात ते हेच. दुरुस्तीला आलेल्याला एकच पट्टी बदलू देऊ नका, सगळ्या पट्ट्या एकदम बदलायला सांगा. नाहीतर नवी पट्टी उजळ, जुन्या मंद, आणि महिन्याभरात दुसरी जाते. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर बोर्ड किंवा पॅनल. पॅनल असेल तर खर्चाचा आकडा ऐकून घ्या, खोलायला परवानगी त्यानंतर द्या.